शिडीची साखळी, जाळीची साखळी

आपल्याकडं बर्फ पडत नाही. त्यामुळं ट्रॅक्टरच्या टायरांना घालायच्या साखळ्या मी कित्येक हिवाळे बनवून विकल्या, असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. हसू द्यावं. आळेफाट्यावर माझं टायरचं दुकान होतं. पंक्चर, टायर बदलणं, रिम सरळ करणं, जुन्या ट्यूबा विकणं असा सगळा काळ्या हातांचा धंदा. फाट्यावर मला तात्या म्हणतात. आता दुकान भाच्याकडं दिलं आहे आणि मी घरी असतो. दिवाळी अंकवाल्यांनी निरोप धाडला की धंद्यातल्या गमतीजमती लिहा. गमती आहेत, त्यातल्या एकदोन लिहितोच. पण लिहायला बसलो की हात एकाच हिवाळ्याकडं जातो, म्हणून तेच लिहायचं ठरवलं.

आधी साखळी कशाला लागते ते सांगतो, नाहीतर शहरातल्या वाचकाला पुढचं काही कळायचं नाही.

आमच्या जुन्नर भागात द्राक्षबागा वाढल्या तसे छोटे ट्रॅक्टर वाढले. वेलींच्या दोन ओळींमधून मोठा ट्रॅक्टर जात नाही, छोटा जातो. त्याच्यामागं औषध फवारायचा ब्लोअर असतो, म्हणजे पाण्याची मोठी टाकी आणि पंखा. बागेची छाटणी पावसाळा सरता सरता होते आणि थंडीत वेलीवर घड असतात. पूर्वी थंडी म्हणजे कोरडी थंडी. आता मार्गशीर्षातसुद्धा दोन दोन दिवस पाऊस लागतो. असा पाऊस झाला की द्राक्षावर डावणी येते. पानामागं पांढरी बुरशी धरते, ती घडावर उतरते आणि आठवड्यात बाग हातातून जाते. पाऊस उघडला की लगोलग औषध मारायचं, हा एकच उपाय. आणि नेमकं तेव्हाच रानात चिखल असतो. छोटा ट्रॅक्टर अंगानं हलका, मागं भरलेली टाकी, चाक जागेवर गरगरा फिरतं आणि ट्रॅक्टर तसूभर हलत नाही.

साखळीची अक्कल मला किसन हवालदारांनी दिली. हे घोडेगावच्याही पुढं, भीमाशंकरच्या रस्त्यावरच्या एका गावचे. फौजेत ड्रायव्हर होते, लडाखला ट्रक चालवलेले. जीपचे टायर बदलायला माझ्याकडं आले होते, तेव्हा समोरच्या शेतात एक छोटा ट्रॅक्टर रुतला होता आणि चारजण तो ढकलत होते. हवालदार बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले की आमच्याकडं बर्फात चाकाला साखळी बांधायचे, तुम्ही का बांधत नाही? मी विचारलं कशी, तर त्यांनी माझ्याकडचा खडू घेतला आणि दुकानाच्या फरशीवर दोन चित्रं काढली.

एक शिडीची साखळी. टायरच्या दोन्ही कडांनी दोन लांब साखळ्या आणि त्यांच्यामध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे तुकडे. दुसरी जाळीची. तिच्यात तुकडे तिरपे, एकमेकांत गुंतलेले, टायरवर जाळं टाकल्यासारखे. शिडीची बनवायला सोपी, जाळीची कटकटीची. हवालदारांनी सांगितलेलं मी तेव्हा वहीत उतरवून ठेवलं होतं. टायरचं माप सगळ्यात शेवटी बघायचं. आधी जमीन बघायची, सपाट का उताराची. मग टायरचे दात बघायचे. शेतीच्या टायरला बोटबोटभर उंच तिरपे दात असतात. शिडीच्या पायऱ्या लांब लांब असल्या तर त्या दोन दातांच्या फटीत जाऊन बसतात आणि जमिनीला टेकतच नाहीत. मग साखळी असून नसल्यासारखी. शिवाय शिडी ट्रॅक्टरला पुढंमागं धरते, आडवं धरत नाही. उतारावर जाळीचीच पाहिजे. त्यानंतर चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये मूठ घालून बघायची. मूठ जात नसेल तर साखळी घालू नये, ती मडगार्ड फाडते. साखळी बांधली की वीस पावलं ट्रॅक्टर चालवायचा, थांबायचं आणि पुन्हा आवळायची. डांबरी रस्त्यावर यायच्या आधी काढायची.

शेजारच्या वेल्डिंगवाल्याला धरून मी पहिली जोडी बनवली आणि बोरी रस्त्याच्या एका बागायतदाराला दिली. त्यानं तिसऱ्या दिवशी येऊन सांगितलं की समद्यांचे ट्रॅक्टर बांधावर उभे, माझा एकटा बागेत. त्यानंतर गिऱ्हाईक वाढत गेलं.

तऱ्हेवाईक माणसंही आली. ऊसवाला एकजण हिवाळा संपला तरी साखळी काढेना. चाक रस्त्यानं खडखडत जायचं, साखळी झिजून पातळ झाली. विचारलं तर म्हणाला, ह्या आवाजानं बिबट्या लांब राहतो. मी म्हटलं, बिबट्याला दुसरं काही वाजवून दाखव, टायर मरतंय. त्यानं ऐकलं नाही आणि त्याच्या वस्तीवर बिबट्या आलाही नाही, त्यामुळं मलाच गप्प बसावं लागलं. एकानं साखळी पुढच्या चाकांना बांधली होती. त्याच्या ट्रॅक्टरची ताकद मागच्या चाकांना. पुढची नुसती वळायला. तरी तो मला सांगत होता की थोडा फरक आहे. भातखाचरासाठी साखळी मागायला आलेल्या आदिवासी पट्ट्यातल्या एका मास्तरांना मी परत पाठवलं. भाताच्या राबडीत साखळी चिखलानं भरून गोल गोळा होते, तिथं लोखंडी चाकच पाहिजे. विकता आली असती ती वस्तू मी विकली नाही, याचा मला अभिमान होता. सुरुवातीला तर मी मोटरसायकलवर बसून गिऱ्हाइकाचं रान बघून यायचो आणि मगच साखळी बनवायचो.

पुढं पुढं ते जमेना. पाऊस उघडला की एकाच दिवशी दहा माणसं यायची आणि सगळ्यांना आत्ता पाहिजे असायची. मग मी पावसाळ्यानंतर शिडीच्या साखळ्या आधीच बनवून दुकानाच्या भिंतीला खुंट्यांवर टांगून ठेवायला लागलो. चालू मापाच्या टायरांना त्या बसायच्या. सपाट रानात बरं काम द्यायच्या. जाळीची कुणी मुद्दाम मागितली तरच बनवायचो आणि तिला दीड दिवस लागायचा. रान बघायला जाणं बंद झालं. मी विचारायचो, जमीन कशी आहे, आणि गिऱ्हाईक सांगेल ते धरून चालायचो.

त्या हिवाळ्यात तीन दिवस झड लागली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस थांबला आणि दुकानापुढं मोटरसायकलींची गर्दी झाली. त्या गर्दीत बबन आणि त्याची बायको सिंधू आली. दोघं तिशीतली. बबनला मी तोंडओळखीनं ओळखत होतो. त्याच्या वाडवडिलांची मेंढरं होती. वडिलांनी म्हातारपणी मेंढरं विकली आणि डोंगराच्या पायथ्याची जमीन कसायला घेतली. तिथं बबननं बाग लावली होती. त्यांच्या सगळ्या भावकीत ती पहिलीच द्राक्षबाग. बबनचा उजवा पाय पूर्वी एका अपघातात मोडला होता आणि नीट जुळला नव्हता. ब्रेकवर जोर देता येत नाही म्हणून त्यांच्यात ट्रॅक्टर सिंधू चालवायची. फाट्यावर बाई ट्रॅक्टर घेऊन आली की लोक चहा खाली ठेवून बघायचे. मीही बघायचो.

मी टायरचं माप विचारलं ते बबनला. जमीन कशी म्हणून विचारलं तेही बबनलाच. तो म्हणाला, थोडी उतरती आहे, पण चालतंय, उद्या सकाळी औषध गेलंच पाहिजे, मणी धरायची वेळ आहे. मी खुंटीवरची जोडी काढून त्याच्या पुढं टाकली.

सिंधू तोवर खाली बसली होती. तिनं साखळी हातात घेतली आणि दोन पायऱ्यांमधलं अंतर वितीनं मोजलं. मग दुकानात उभ्या असलेल्या एका नव्या टायरच्या दातांवर तीच वीत लावून बघितली. उठून मला म्हणाली, "तात्या, ह्या आडव्या कड्या दाताच्या फटीत बसत्याल ना? मग भुईला काय लागणार?"

हवालदारांनी फरशीवर काढून दाखवलेली गोष्ट या बाईनं कुणी न सांगता वितीनं मोजून काढली होती. मला ते कळलं. कळलं नाही असं मी म्हणणार नाही. पण मागं सातआठ माणसं उभी होती, हात ग्रीसनं भरले होते, आणि मी उत्तर दिलं ते तिला नाही, बबनला. म्हटलं, नवीन आहे म्हणून तसं वाटतं, काल दोघांनी नेली आहे.

ती पुन्हा म्हणाली, "आमचं रान उताराचं हाये. आडवं घसरलं तर ही धरंल का?"

"ताई, हळू चालवा म्हणजे झालं," मी म्हटलं.

मागं कुणीतरी हसलं. तिनं साखळी खाली ठेवली. बबननं साखळी पोत्यात भरली. मी त्याला वीस पावलांवर पुन्हा आवळायचं सांगितलं, मडगार्डची मूठ सांगितली, डांबरी रस्त्याचं सांगितलं. एवढं सगळं सांगितलं. जाळीची साखळी नावाची गोष्ट असते आणि उताराला तीच लागते, हे मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, बनवून द्या. ते मला त्या गर्दीत नको होतं. दुसरं काही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास पिकअपचा एक ड्रायव्हर पंक्चर काढायला आला. बोलता बोलता म्हणाला, डोंगराकडच्या वस्तीवर ट्रॅक्टर शेततळ्यात गेला, एक माणूस गेला. कुणाचा ट्रॅक्टर हे मी विचारलं नाही. तो टायर मी पूर्ण केला, हवा भरली, नट आवळले. त्या दिवशी मी तिकडं गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी गेलो.

झालं ते असं. हे मला त्यांच्या शेजाऱ्यानं सांगितलं आणि पुढं वर्षानं सिंधूनंही सांगितलं. बागेच्या ओळी वरून खाली उतरत येतात. खालच्या टोकाला आडवी वाट आहे आणि वाटेच्या खाली लगेच शेततळं. वरच्या अंगाला तळ्याचा बांध गुडघ्याएवढाही नाही आणि कुंपण घालायचं राहिलं होतं. सिंधू एका ओळीतून उतरायची, खालच्या वाटेवर वळायची आणि पुढच्या ओळीत वर चढायची. टाकी भरलेली होती. दोनदा ती व्यवस्थित वळली. तिसऱ्यांदा वळताना मागची दोन्ही चाकं आडवी सरकली. तिनं ब्रेक दाबला, चाकं थांबली, पण ट्रॅक्टर थांबला नाही. ब्लोअरची टाकी आधी तळ्यात गेली आणि तिच्या वजनानं ट्रॅक्टरही मागं ओढला गेला. सिंधू सीटवरून पाण्यात फेकली गेली.

शेततळ्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. तो ओला झाला की माणसाला त्यावरून वर येता येत नाही, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही नाही. बबन वाटेवरच्या ड्रमात औषध कालवत होता. तो पळत आला, काठावर पालथा पडला आणि त्यानं तिला हात दिला. तिचा हात हाताला लागला आणि तो स्वतःच घसरून आत गेला. त्याला पोहता येत नव्हतं. पायात गमबूट, अंगात स्वेटर. तळ्यात मोटारीचा पाइप सोडलेला होता. बबननं सिंधूला कमरेला धरून त्या पाइपाकडं ढकललं. पाइप तिच्या हाताला लागला. तिनं मागं वळून बघितलं तेव्हा पाण्यावर बबन नव्हता. शेजारच्या बागेतली माणसं धावत आली, त्यांनी तिला वर ओढली. बबनला बाहेर काढायला दुपार झाली.

मी गेलो तेव्हा ट्रॅक्टर वर काढून ठेवला होता. साखळ्या चाकांवर तशाच होत्या. मी उकिडवा बसलो आणि बघितलं. एकूण एक पायरी दातांच्या फटीत जाऊन बसली होती आणि वरून चिखलानं लिंपली होती. खालच्या वाटेवर गवत आडवं पुसल्यासारखं झालं होतं. त्यात दातांच्या रेघा होत्या, साखळीची एकही खूण नव्हती. दुसऱ्या कुणाला ते दिसण्यासारखं नव्हतं, मला एकट्याला दिसत होतं. पंचनाम्यात पावसामुळं घसरून असं लिहिलं गेलं होतं. शेजारी म्हणाला, "तात्या, साखळी व्हती तरी घसरला बघा. नशीब, दुसरं काय." मी मान हलवली आणि परत आलो. बबनच्या घरात गेलो नाही.

त्याच आठवड्यात मी खुंट्यांवरच्या सगळ्या शिडीच्या साखळ्या उतरवल्या आणि तोडून टाकल्या. बबनचं घर सोडून, त्या हिवाळ्यात ज्यांनी ज्यांनी नेल्या होत्या त्यांच्या घरी जाऊन जाळीच्या दिल्या. लोकांनी विचारलं काय झालं, तर मी सांगायचो की लोखंड हलकं निघालं. खरं बोलायची ती एक संधी होती, तिथंही मी लोखंडावर ढकललं. रात्री झोप येत नव्हती असं काही मी लिहिणार नाही, झोप येत होती. पण दुकानात बाईमाणूस आलं आणि काही विचारायला लागलं की माझ्या तोंडचं पाणी पळायचं.

वर्ष गेलं. पुढच्या हिवाळ्यात, आभाळ भरून आलेलं असताना, सिंधू दुकानात आली. एकटीच. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. वाळली होती. मी स्टूल पुढं केलं, ती बसली नाही. मला वाटलं साखळी न्यायला आली आहे. ती बोलायच्या आधीच मी बोलून टाकलं. म्हटलं, त्या दिवशी मी तुम्हाला चुकीची साखळी दिली. उताराला जाळीची लागते, मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.

ती म्हणाली, "मला ठावं हाये. ह्यांचं दिवस झाल्यावर मोबाईलवर बघितलं मी. बर्फातली लोकं बांधत्यात ती."

मी विचारलं, मग वर्षभर बोलला का नाहीत.

"तुमी तिसऱ्या दिवशी आलता. चाकापाशी बसून बघत व्हता. मी दारातनं बघत व्हते. मला वाटलं, आता ह्यो माणूस आत यील आन् सांगंल. तुमी निघून गेला."

मग तिनं सांगितलं ते असं. घरात आणि भावकीत सगळे तिलाच दोष देत होते. बाईच्या हातात ट्रॅक्टर दिला म्हणून पोरगा गेला, असं तिच्या तोंडावर बोललं जायचं. सासऱ्यांनी ट्रॅक्टर दुरुस्त करून आणला, पण त्याची चावी स्वतःच्या कमरेच्या करगोट्याला बांधून ठेवली होती. फवारणीला भाड्याचा माणूस बोलवायचा, आणि तो पाऊस झाला की नेमका मिळत नाही. सगळ्यांनाच तेव्हा पाहिजे असतो. गेल्या हंगामात अर्धी बाग डावणीनं गेली होती. आता दीर म्हणत होता की बाग काढून टाकू आणि ट्रॅक्टर विकू. तिनं सासऱ्यांना साखळीचं सांगून बघितलं होतं. ते म्हणाले, स्वतःचं झाकायला बोलतीस.

"मला साखळी नगं," ती म्हणाली. "तुमी घरी चला आन् त्यांना सांगा. माझं न्हाई ऐकत, तुमचं ऐकत्याल."

मी शटर ओढलं आणि तिच्याबरोबर गेलो. मोटरसायकल मी चालवत होतो आणि सारखं वाटत होतं की पंक्चर व्हावी. इतकी वर्षं दुसऱ्यांची पंक्चरं काढली, पण तेव्हा मनापासून मागितलेलं पंक्चर काही झालं नाही.

बबनचे वडील ओसरीवर घोंगडीवर बसले होते. वय झालेलं, पण ताठ. मला पावणं म्हणून बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी बसलो नाही. जाळीच्या साखळीचा एक तुकडा मी बरोबर नेला होता. तो आणि त्यांच्याकडं पडून असलेली शिडीची साखळी असे दोन्ही प्रकार त्यांना दाखवले, हवालदारांनी मला सांगितलं होतं तसं. अंगणात ट्रॅक्टर उभाच होता. त्याच्या दातांवर साखळी धरून पायरी फटीत कशी बसते ते दाखवलं. मग म्हटलं, बाबा, तुमच्या सुनेनं मला हेच विचारलं होतं, दुकानात, सातआठ माणसांदेखत. मी ऐकलं नाही. तिचा ट्रॅक्टर चुकला नाही, माझी साखळी चुकली.

म्हातारा बराच वेळ तो तुकडा हातात फिरवत बसला. सिंधू आत गेली नव्हती, ट्रॅक्टरला टेकून उभी होती.

शेवटी त्यांनी विचारलं, "तिनं इचारलं व्हतं?"

मी म्हटलं, दोनदा.

"आन् तुमी वरीसभर गप ऱ्हायला."

मी हो म्हटलं. मला वाटलं होतं, म्हातारा शिव्या देईल, हातातलं लोखंड अंगावर टाकेल. बरं झालं असतं. तो रडला नाही, ओरडला नाही. नुसता म्हणाला, "पावणं, लई उशिरा आलात." मग करगोट्याची गाठ सोडायला लागला. वर्षाची बसलेली गाठ सुटेना, पण त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. चावी सुटली तशी त्यानं ती सुनेकडं केली. तिच्याकडं बघितलं मात्र नाही. तिनं चावी घेतली आणि आत गेली. आतून रडण्याचा आवाज आला. मी पायात चपला घातल्या आणि निघालो. चहाचं कुणी विचारलं नाही. आजवर त्या घरात मी चहा प्यायलो नाही.

त्यानंतर आठवड्यात मी आणि सिंधूनं तिचं रान पायांनी मोजलं. खालच्या वाटेवर भरल्या टाकीनं कुठलीच साखळी भरवशाची नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. तिनं प्रत्येक ओळीच्या खालच्या वेली काढून टाकल्या आणि वळायची वाट तळ्यापासून वर, जरा सपाट जागी घेतली. जाळीची साखळी मी बनवून दिली. ती बांधताना तिनं स्वतः मूठ घालून बघितलं, वीस पावलं ट्रॅक्टर चालवला, उतरून पुन्हा आवळली. बाग राहिली. दीर वेगळा झाला. लोक तिला अजूनही बोलतात, पण कमी. माझं दुकानातलं बोलणं म्हाताऱ्यानं भावकीत स्वतः जाऊन सांगितलं, असं मला शेजाऱ्याकडून कळलं. फाट्यावरही ते पसरलं. काही गिऱ्हाइकं तुटली. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

बबन गेल्यानंतर एक काम मी सुरू केलं होतं, ते अजून करतो. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबा असतात, ठिगळ लावून त्यांत हवा भरली की माणसाला तरंगत ठेवतात. शेततळ्याच्या चारी कोपऱ्यांना खुंट्या ठोकून दोरीला अशी एकेक ट्यूब बांधून पाण्यावर सोडायची. आत पडलेल्याला धरायला काहीतरी मिळतं. जो साखळी नेईल आणि ज्याच्याकडं शेततळं असेल त्याला मी ट्यूबा फुकट द्यायचो. पण उन्हानं त्यांची हवा उतरते, दोरी कुजते. दरवर्षी बघावं लागतं. लोक विसरतात. म्हणून दिवाळी झाली की हवा भरायचा हातपंप घेऊन मीच फिरतो, जमेल तेवढ्या तळ्यांवर.

सिंधूच्या तळ्यावर मी सगळ्यात शेवटी जातो. गेल्या दिवाळीनंतरही गेलो. ती बागेत होती, मला बघून आली. आता तळ्याला चारी बाजूंनी तारेची जाळी आहे, तिनं फाटक उघडून दिलं. मी एकेक ट्यूब ओढून घेतली, हवा भरली, एका ट्यूबेची दोरी झिजली होती ती बदलून नवी बांधली. ती काठावर उभी राहून बघत होती. काम झाल्यावर मी पंप उचलला. तिनं खाली बसून नव्या दोरीची माझी गाठ सोडली आणि पुन्हा आपल्या हातानं बांधली, दोनदा ओढून बघितली. मग दुसऱ्या कोपऱ्याकडं गेली आणि तिथलीही सोडली.

मी फाटकापाशी थांबलो. चारी गाठी तिच्या होईपर्यंत.